परदेशातल्या एड्स परिषदेला स्वतःच्या खर्चाने जावं का, आणि तिथून आपल्या ओपीडीत काय येतं?

प्रश्न थोडक्यात असा. प्रश्न विचारणाऱ्या डॉक्टर मराठवाड्यातल्या एका एआरटी सेंटरला (सरकारी एचआयव्ही औषध केंद्राला) मेडिकल ऑफिसर आहेत, स्किन-व्हीडीत एमडी झालंय, आणि इंटरनॅशनल एड्स कॉन्फरन्सला ॲबस्ट्रॅक्ट, म्हणजे आपल्या कामाचा सारांश, पाठवायचा विचार आहे. घरचे म्हणतात एवढा खर्च कशाला, सिनियर म्हणतात एचआयव्हीत आता राहिलंय काय, एक गोळी द्यायची नि वर्षातून व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूचं प्रमाण, बघायचा. तर जावं का?

डॉक्टर, नुसत्या बातम्या ऐकायला जाणार असाल तर जाऊ नका, पैसे वाचवा. बातम्या आता घरी येतात. जुलै २०२४ मध्ये म्युनिकला लिनॅकापाविर या एचआयव्ही टाळण्याच्या इंजेक्शनचा निकाल सांगितला तेव्हा मी हॉलमध्ये नव्हते, ऑनलाइन रजिस्ट्रेशन करून घरी बसून बघत होते, आणि पेपर त्याच दिवशी न्यू इंग्लंड जर्नलमध्ये आलाही होता, म्हणजे आकडे कळण्यासाठी जर्मनीला जायची काहीच गरज नव्हती. जायचं ते वेगळ्या गोष्टीसाठी. तिथे टाळ्या पडतात आणि ते औषध आपल्या सेंटरच्या खिडकीवर येतं, या दोन्हीच्या मधली वर्षं कशात जातात ते तिथे जेवढं कळतं तेवढं कुठल्याच पुस्तकात कळत नाही. मला तरी तिथेच कळलं. आणि ते एकदा कळलं की रिझल्ट वाचायची नजरच बदलते.

आधी कुठली परिषद ते नीट ठरवा कारण नावं सारखी वाटतात आणि लोक गोंधळतात. इंटरनॅशनल एड्स कॉन्फरन्स पहिल्यांदा १९८५ ला अटलांटात झाली, पूर्वी दरवर्षी व्हायची, १९९४ नंतर दोन वर्षांनी एकदा होते, सम वर्षांत. ही जत्रा आहे, चांगल्या अर्थाने. शास्त्रज्ञ, मंत्री, कंपन्या, कार्यकर्ते, एचआयव्हीसोबत जगणारे लोक, सेक्स वर्कर्सच्या संघटना, सगळे एका छपराखाली. विषम वर्षांत ही भरवणारीच आयएएस (इंटरनॅशनल एड्स सोसायटी) संस्था छोटी, फक्त विज्ञानाची परिषद घेते, २०२५ ची रवांडात किगालीला झाली. अमेरिकेत वर्षाच्या सुरुवातीला क्रॉय असते, ती अगदी कडक लॅबवाल्यांची, तिथे तुम्हाला आणि मला अर्धं डोक्यावरून जातं. आणि तुम्ही व्हीडीवाल्या आहात म्हणून सांगते, एसटीआय (लैंगिक संबंधातून पसरणारे आजार) अँड एचआयव्ही वर्ल्ड काँग्रेस नावाची वेगळी परिषद आहे, सिफिलिस, गनोरिया, मायकोप्लाझ्मा, एचपीव्ही असल्या आपल्या रोजच्या गोष्टी तिथे जास्त. सिफिलिस जगभर परत वाढलाय, आपल्या ओपीडीतही दिसतोय, त्यामुळे तिचा विचार नक्की करा.

आता मूळ मुद्दा, तिथून ओपीडीत काय येतं. एक पुण्याचंच उदाहरण घ्या. जुलै २०११, रोम. एचपीटीएन ०५२ नावाची ट्रायल, नऊ देशांतली १७६३ जोडपी, एकाला एचआयव्ही आहे आणि दुसऱ्याला नाही अशी. अर्ध्यांना औषध लगेच सुरू केलं, अर्ध्यांना त्यावेळच्या नियमाप्रमाणे सीडी४, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा, खाली आल्यावर. जोडीदाराकडूनच झाली असं सिद्ध झालेली इन्फेक्शन्स एकूण २८, त्यातली २७ उशिरा औषध मिळालेल्या गटात आणि फक्त एक लवकर मिळालेल्या गटात. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. यातली काही जोडपी भोसरीच्या नारीतून, म्हणजे आपल्या पुण्याच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेतून आलेली होती आणि काही चेन्नईची. म्हणजे ज्या पुराव्यावर जगाने ठरवलं की सीडी४ न बघता सगळ्यांना लगेच औषध द्या, तो पुरावा देणाऱ्यांत आपल्याकडची नवरा-बायको होती. आणि आपल्याकडे सगळ्यांना लगेच औषध हा नियम कधी आला? २०१७. डब्ल्यूएचओनेच २०१५ मध्ये सांगितलं, त्याच वर्षी व्हँकुव्हरला स्टार्ट ट्रायलचा तपशील आला की लवकर औषधाने खुद्द पेशंटचाही फायदा होतो, मग बजेट, मग टेंडर, मग ट्रेनिंग. सहा वर्षं. या सहा वर्षांत सीडी४ अजून चांगलाय, सहा महिन्यांनी या, असं सांगून आपण किती जणांना परत पाठवलं असेल, आणि त्यातले किती परत आलेच नाहीत, हे जुन्या रजिस्टरमध्ये एलएफयूच्या, म्हणजे उपचारातून गळालेल्यांच्या, रकान्यात बघा.

त्याआधीची गोष्ट तर अजून मोठी. १९९६ ला व्हँकुव्हरला तीन औषधं एकत्र देण्याचे निकाल आले आणि श्रीमंत देशांत मरणारी माणसं उठून कामाला जायला लागली. वर्षाचा खर्च दहा-पंधरा हजार डॉलर. त्यावेळी मुंबईत जेजेच्या वॉर्डात काम केलेल्या कुणालाही विचारा, आमच्याकडे सेप्ट्रान होतं, फ्लुकोनाझोल होतं आणि टीबीची औषधं होती, बस्. मग २००० ला परिषद डरबनला झाली, पहिल्यांदाच आफ्रिकेत, आणि तेही त्या देशाचे राष्ट्राध्यक्ष म्बेकी एचआयव्हीमुळे एड्स होतो यावरच शंका घेत असताना. अकरा वर्षांचा न्कोसी जॉन्सन तिथे स्टेजवर येऊन बोलला, जन्मापासून एचआयव्ही असलेला मुलगा, पुढच्या वर्षी तो गेला. त्या परिषदेत विज्ञान फार नवं नव्हतं. पण औषधं उत्तरेत आणि पेशंट दक्षिणेत हे जगाच्या तोंडावर सांगितलं गेलं. आणि फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्लाने, युसुफ हमीद यांनी, तिन्ही औषधं वर्षाला ३५० डॉलरला मेदसां साँ फ्राँतिएर या डॉक्टरांच्या संस्थेला द्यायची तयारी दाखवली. त्यानंतर किमती जे पडत गेल्या ते पडतच गेल्या. आपल्याकडे सरकारी मोफत एआरटी १ एप्रिल २००४ ला आठ हॉस्पिटल्समध्ये सुरू झाली, जेजे त्यातलंच. म्हणजे व्हँकुव्हर ते भायखळा आठ वर्षं, आणि औषध बनतंय आपल्याच शहरात! आजही याचा राग येतो मला.

हे सगळं सांगायचं कारण असं की सिनियर म्हणतात ना आता राहिलंय काय, ते अर्धं खरं आहे. गोळीचं विज्ञान बऱ्यापैकी झालंय. ती पोचवायचं राहिलंय.

म्युनिकचंच घ्या. पर्पज १ ट्रायल, दक्षिण आफ्रिका आणि युगांडा, १६ ते २५ वयाच्या मुली. वर्षातून दोनदा पोटाच्या कातडीखाली इंजेक्शन. इंजेक्शनवाल्या २१३४ जणींपैकी एकीलाही एचआयव्ही झाला नाही. शून्य. लिंडा-गेल बेकर यांनी तो आकडा सांगितला आणि हॉल उठला. पण मला त्यात जास्त महत्त्वाच्या वाटल्या त्या दोन गोष्टी बातम्यांत फारशा आल्याच नाहीत. एक, रोजच्या गोळ्यांवर असलेल्या मुलींमध्ये इन्फेक्शन्स झाली, कारण गोळ्या घेतल्या जात नव्हत्या, आणि का घेतल्या जात नाहीत ते आपल्याला सांगायला नको, डबी सासूला दिसली तर काय सांगायचं हा प्रश्न तिकडेही तसाच आहे. दुसरं, ट्रायल चालू असताना ज्या गरोदर राहिल्या त्यांना, त्यांची संमती घेऊन, ट्रायलमध्येच ठेवलं. नाहीतर औषधांच्या ट्रायलमधून गरोदर बायका आधी बाहेर काढतात आणि मग पुढे वर्षानुवर्षं डेटा नाही डेटा नाही म्हणून त्यांनाच औषध नाकारतात.

आणि मग किंमत. अमेरिकेत जून २०२५ मध्ये या इंजेक्शनला मान्यता मिळाली तेव्हा तिथली छापील किंमत वर्षाला २८,२१८ डॉलर. म्युनिकलाच लिव्हरपूलच्या अँड्र्यू हिल यांनी हिशोब मांडला होता की मोठ्या प्रमाणात बनवलं तर हेच सुमारे ४० डॉलरला बनू शकतं. इंजेक्शन बनवणाऱ्या कंपनीविरुद्ध घोषणा झाल्या, बोर्ड फडकले. ऑक्टोबर २०२४ मध्ये कंपनीने १२० देशांसाठी सहा जेनेरिक उत्पादकांना लायसन्स दिलं, त्यात हैदराबादच्या हेटेरो आणि डॉ. रेड्डीज आहेत आणि आपल्या पुण्याची एमक्युअर पण आहे, तर ब्राझीलसारखे देश, जिथे ट्रायल्स झाल्या, ते यादीबाहेर. सप्टेंबर २०२५ मध्ये जाहीर झालं की २०२७ पासून ४० डॉलरला देणार. म्हणजे परिषदेत मांडलेला, अनेकांना हवेतला वाटलेला आकडा सव्वा वर्षात कंपन्यांच्या प्रेस नोटमध्ये आला. परिषदेचा उपयोग काय असं कुणी विचारलं तर मी हे सांगते. शून्य इन्फेक्शन हा निकाल कसाही छापून आलाच असता, पण ४० चा आकडा असा सगळ्यांसमोर ठोकून मांडायला जागा लागते.

पण सगळ्याच टाळ्या खऱ्या ठरत नाहीत हेही सांगून ठेवते. २०१० ला व्हिएन्नात एचआयव्ही टाळण्यासाठी योनीत लावायच्या टेनोफोविर जेलचा निकाल आला, ८८९ बायका, ३९ टक्के संरक्षण, लोक रडले, कारण नवऱ्याला न विचारता बाईच्या हातात असणारं साधन पहिल्यांदाच मिळालं होतं. पाच वर्षांनी त्याच जेलची दोन हजारांवर बायकांमधली ट्रायल आली आणि उपयोग शून्य. जेल वापरलं तर काम करत होतं बहुतेक, पण वापरलं जात नव्हतं. उलटं उदाहरण डॉल्युटेग्राविरचं, जे आज तुम्ही टीएलडीच्या, म्हणजे तीन औषधांच्या एकत्र गोळीत रोज देता. २०१८ मध्ये बोत्स्वानातून आकडा आला की गर्भ राहताना हे औषध चालू असलेल्या ४२६ बायकांमध्ये चार बाळांना मज्जारज्जूचा दोष. जगभर घबराट, मूल होण्याच्या वयाच्या बायकांना हे औषध देऊ नका असे सल्ले, म्हणजे पुरुषांना चांगलं औषध आणि बायकांना जुनं, चक्कर येणारं, वाईट स्वप्नं पडणारं इफाविरेन्झ. आम्स्टरडॅमच्या परिषदेत यावर सेशन झालं तेव्हा आफ्रिकेतल्या एचआयव्हीसोबत जगणाऱ्या बायकांचं म्हणणं होतं की धोका सांगा आणि ठरवू आम्हाला द्या. पुढच्या वर्षी तोच अभ्यास मोठा झाल्यावर आकडा ०.९४ टक्क्यांवरून ०.३० वर आला, नंतर ०.१९, आणि भीती विरली. त्या बायकांचं बरोबर होतं.

म्हणून म्हणते, हॉलमध्ये बसल्यावर स्लाइडच्या फोटोपेक्षा शेवटच्या दहा मिनिटांकडे लक्ष द्या, माइकसमोर रांग लागते तेव्हा. तिथे कुणीतरी आफ्रिकेतली नर्स उठून विचारते की हे फ्रिजमध्ये ठेवायला लागतं का, आणि प्रोफेसर दोन सेकंद गप्प होतात. ते सेकंद यूट्यूबवर नीट येत नाहीत.

एसटीआयबद्दल एक. २०२२ ला माँट्रियलला डॉक्सीपेपचा, म्हणजे संबंधानंतर एसटीआय टाळायला डॉक्सीसायक्लिन देण्याचा, निकाल आला. कंडोमशिवाय संबंध आला तर ७२ तासांच्या आत डॉक्सीसायक्लिन २०० मिलिग्रॅम एकदाच, आणि सॅन फ्रान्सिस्को व सिएटलमधल्या समलिंगी पुरुषांत आणि ट्रान्स स्त्रियांत एसटीआय साधारण दोन तृतीयांशाने कमी. मुंबईच्या कुठल्याही डॉक्टरला हा डोस ओळखीचा वाटेल कारण पावसात तुंबलेल्या पाण्यातून चालून आलेल्यांना लेप्टोस्पायरोसिस होऊ नये म्हणून हेच २०० मिलिग्रॅम याच ७२ तासांत देतात. गंमत आहे. पण घाईने सुरू करू नका. केनियात तरुण मुलींमध्ये हाच प्रयोग चालला नाही, डोक्याचे केस तपासले तर बऱ्याच जणींच्या केसांत औषधच सापडलं नाही. शिवाय आपल्याकडच्या गोनोकॉकसला टेट्रासायक्लिन आधीच फारसं लागू पडत नाही, आणि आपण स्वतः स्किनवाले मुरुमांना महिनोन्‌महिने डॉक्सी लिहून देतो, ते आपल्या रेझिस्टन्सच्या हिशोबात धरायलाच हवं. माझं मत विचाराल तर ज्याला वारंवार सिफिलिस होतोय अशा एखाद्या पेशंटशी समोर बसवून बोलून द्यावं, सरसकट नाही. सुरक्षा क्लिनिकमधली (सरकारी एसटीआय क्लिनिकमधली) औषधांची राखाडी किट, पांढरी किट नीट आणि पूर्ण दिली गेली, जोडीदाराला बोलावलं गेलं, सिफिलिसला बेन्झाथिन पेनिसिलिन द्यायला घाबरलो नाही, तरी आपल्याकडे पुष्कळ काम होईल.

तिथल्या माणसांबद्दल थोडं. आपल्या मेडिकल कॉन्फरन्सेसमध्ये पेशंट हा स्लाइडवर डोळ्यांवर काळी पट्टी लावलेला असतो. तिथे तो तुमच्या शेजारच्या खुर्चीत असतो आणि तुमच्यापेक्षा जास्त पेपर वाचून आलेला असतो. हे काही आयोजकांच्या चांगुलपणाने झालं नाही, १९८९ ला माँट्रियलला कार्यकर्त्यांनी उद्घाटनाचं स्टेजच ताब्यात घेतलं होतं. अमेरिकेने एचआयव्ही असलेल्यांना प्रवेशबंदी केली म्हणून १९९२ ची बॉस्टनची परिषद आम्स्टरडॅमला हलवली, आणि बंदी उठल्यावर २०१२ ला वॉशिंग्टनला परिषद झाली तरी सेक्स वर्कर्सना व्हिसा मिळेना, तेव्हा त्यांनी त्याच आठवड्यात कोलकात्यात स्वतःचा मेळावा भरवला. सांगलीत व्हॅम्प या सेक्स वर्कर्सच्या संघटनेतल्या बायकांचं काम बघितलं असेल तर याचं नवल वाटणार नाही, नसेल बघितलं तर परदेशाच्या आधी सांगलीला जा, एसटीनं जाता येतं.

तिथे गेल्यावर ग्लोबल व्हिलेज नावाचा भाग असतो, सगळ्यांना खुला, बरेच डॉक्टर तिकडे फिरकतही नाहीत. तुम्ही अर्धा दिवस तिथे घालवा. कंपन्यांच्या सॅटेलाइट सेशन्सना जेवण चांगलं असतं, जा, जेवा, फक्त कार्यक्रमपत्रिकेत ते कुणाच्या पैशाने आहे ते वाचून बसा.

पैशाबद्दल स्पष्ट बोलते. कंपनी तिकीट काढते म्हणाली तर नाही म्हणा. डॉक्टरांनी परिषदेसाठी औषध कंपनीकडून प्रवास घ्यायचा नाही हे मेडिकल कौन्सिलच्या नियमात २००९ पासून आहे, आणि मार्च २०२४ च्या केंद्राच्या मार्केटिंग संहितेतही आहे. मी कोण कसं जातं यावर जास्त लिहीत नाही. तुमच्यासाठी खरा रस्ता म्हणजे परिषदेची स्कॉलरशिप. ती ॲबस्ट्रॅक्टपासून वेगळी भरायची असते, तिची तारीख वेगळी असू शकते, आणि लहान गावात थेट पेशंटबरोबर काम करणारी तरुण डॉक्टर हे त्यांना हवंच असतं, त्यामुळे अर्जात लाजू नका, सेंटरला रोज किती पेशंट येतात, काउन्सेलर किती, लॅब किती लांब, सरळ लिहा. नोंदणीची फी आपल्यासारख्या देशांना कमी असते. व्हिसाचं मात्र गंभीरपणे घ्या. २०२२ ला माँट्रियलला आफ्रिका-आशियातल्या इतक्या लोकांना कॅनडाने व्हिसा नाकारला की आयएएसच्या अध्यक्षांनाच जाहीर नाराजी व्यक्त करावी लागली. ॲबस्ट्रॅक्ट स्वीकारल्याचं पत्र आलं त्याच दिवशी व्हिसाची अपॉइंटमेंट बघा, रजा मंजुरीचं पत्र आणि सरकारी नोकरीत असाल तर एनओसी त्याआधीच फिरवायला लागा, कारण ती फाइल जिल्ह्यावरून मुंबईला जाऊन परत यायला किती दिवस घेते ते तुम्हाला माहीत आहे.

आता ॲबस्ट्रॅक्ट. तुम्ही लिहिलंय की आमच्याकडे नवीन काही नाही, नुसतं रूटीन आहे. मला तसं अजिबात वाटत नाही. तुम्ही मराठवाड्यात आहात. तुमचे ऊसतोडीला जाणारे पेशंट दिवाळीच्या आसपास कारखान्यांवर जातात आणि उन्हाळा लागला की परततात. त्या काळात त्यांची औषधं कशी मिळतात, किती जण तीन महिन्यांचा साठा घेऊन जातात, किती जण तिकडच्या लिंक सेंटरला (एआरटीच्या छोट्या जोडकेंद्राला) जातात आणि किती जण कोपीत (झोपडीत) कुणी डबी बघेल म्हणून गोळ्या बंद करतात, परत आल्यावर व्हायरल लोडचं काय होतं, हे तुमच्या रजिस्टरमध्ये पडलंय. जगात जिथे जिथे हंगामी मजूर आहेत तिथे हा प्रश्न आहे आणि यावर नीट आकडे मांडणारे फार थोडे आहेत. बायकांचे आकडे वेगळे काढा, कोयत्याची जोडी असते, नवरा-बायको एकत्र जातात, पण दोघांना माहीत असतं का की दोघंही औषधावर आहेत, हे काउन्सेलरताईंना विचारा, त्यांना सगळं ठाऊक असतं आणि त्यांचं नाव लेखकांत घाला. फुकट नाही, त्यांनी काम केलंय म्हणून.

करताना दोन-तीन गोष्टी आधी उरका. प्रोग्रामचा डेटा आहे त्यामुळे राज्य एड्स नियंत्रण संस्थेची परवानगी आणि एथिक्स कमिटीची मंजुरी, दोन्ही हातात आल्याशिवाय पाठवू नका. २०१७ च्या एचआयव्ही कायद्यात गोपनीयता हा पेशंटचा कायदेशीर हक्क आहे, त्यामुळे गावाचं नाव, कारखान्याचं नाव, असं काही ज्यावरून माणूस ओळखता येईल ते आत्ताच काढून टाका, लहान तालुक्यात वय नि व्यवसाय एवढ्यावर माणूस कळतो. एचआयव्हीग्रस्त, बळी असले शब्द इंग्रजीतही नकोत, त्यावरून तिथे खरंच हटकतात. जुलैच्या परिषदेसाठी ॲबस्ट्रॅक्टची मुदत बहुतेक वेळा जानेवारीत संपते, म्हणजे तुम्हाला आकडे दिवाळीपर्यंत हवेत. आयएएसचा एक मेंटर प्रोग्राम असतो, नवख्या लेखकांचं ॲबस्ट्रॅक्ट मुदतीआधी कुणीतरी अनुभवी वाचून सुचवण्या देतं, फुकट, तो वापराच. आणि नाकारलं गेलं तर तेच काम एड्स सोसायटी ऑफ इंडियाच्या वार्षिक परिषदेला पाठवा, तिथे सभागृहातले निम्मे लोक तुमच्यासारखेच एआरटी सेंटर चालवणारे असतात आणि प्रश्न जास्त बोचरे येतात. पहिला टेबल तयार झाला की मला दाखवा, फक्त एलएफयूची व्याख्या कुठली धरलीत ते वर लिहून पाठवा, दरवेळी तिथेच घोळ होतो.